डीपी जळते, खापर ऑटो स्विचवर

रब्बीचा हंगाम लागतो, ज्वारी-हरभऱ्याला पाण्याची गरज पडते आणि मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत महावितरणचे एक आवाहन ठरल्यासारखे झळकते : कृषिपंपांना लावलेले ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा. कारणही सोबत दिलेले असते. वीज येताच सगळे पंप एकाच वेळी सुरू होतात, रोहित्रावर, म्हणजे गावच्या भाषेत डीपीवर, एकदम भार पडतो आणि रोहित्र जळते. महावितरणच्या नांदेड परिमंडलात येणाऱ्या परभणी जिल्ह्याला हे आवाहन पाठ झाले आहे. त्यातून एक समजही रुजला आहे : डीपी जळते ती शेतकऱ्याच्या ऑटोमुळे, आणि ऑटो बसतो तो शेतकऱ्याच्या आळसामुळे.

या समजाचा पहिला भाग अर्धवट खरा आहे. दुसरा साफ खोटा आहे. आणि अर्धवट सत्याला खोट्याची जोड मिळाली की एका छोट्या पेटीच्या नावावर साऱ्या वीजव्यवस्थेच्या चुका जमा करता येतात.

मुळात ‘ऑटो स्विच’ म्हणजे काय, हेच या आवाहनांत कधी नीट सांगितले जात नाही. विहिरीवरच्या पेटीत स्टार्टर असतो. हिरवे बटन दाबले की मोटार सुरू, लाल दाबले की बंद. स्टार्टरच्या आत नो-व्होल्ट कॉइल असते. वीज आहे तोवर ती जोडणी धरून ठेवते, वीज गेली की सोडून देते. त्यामुळे वीज परत आली तरी मोटार आपोआप फिरत नाही, कुणीतरी जाऊन हिरवे बटन दाबावे लागते. कारखान्यात ही व्यवस्था योग्यच आहे. तिथे यंत्राशेजारी कामगार उभा असतो, वीज येताच पट्टा अचानक फिरला तर त्याचा हात जाईल. शेतातली गोष्ट वेगळी. तिथे मोटार एकीकडे, पीक दुसरीकडे आणि माणूस तिसरीकडे असतो.

या अंतरावर शेतकऱ्यांनी जे उपाय शोधले, त्या सगळ्यांना गावात एकच नाव पडले : ऑटो. पण त्यात किमान तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे निव्वळ जुगाड. हिरवे बटन काडी अडकवून किंवा दोरीने बांधून कायमचे दाबून ठेवायचे. दुसरी म्हणजे दुकानात मिळणारी ऑटोची पेटी. ती तिन्ही फेज आल्या आहेत का हे पाहते आणि मगच स्टार्टरला इशारा देते. यातल्या काही पेट्या लगेच इशारा देतात, तर काहींत किती वेळ थांबून मोटार चालू करायची हे ठरवण्याची सोय असते. तिसरी म्हणजे मोबाइलवरून चालणारा स्टार्टर. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ या नावाने असे साधन तयार केले, त्याला दीड दशक उलटून गेले. फोन लावला की मोटार सुरू, पुन्हा लावला की बंद, आणि तिकडे वीज आहे की नाही तेही घरबसल्या कळते.

काडी अडकवलेले बटन आणि फोनवरून माणसाच्या मर्जीने सुरू होणारी मोटार, या दोन्हींना एकाच नावाने दोषी ठरवणे म्हणजे तांत्रिक प्रश्नाची चर्चा सुरू होण्याआधीच बंद करणे आहे. डीपीला धोका कुणाचा? वीज येताच त्याच क्षणी सुरू होणाऱ्या मोटारींचा. आपोआप सुरू होणे हा दोष नव्हे, एकदम सुरू होणे हा दोष आहे. या दोन्हींतला फरक न करता ‘ऑटो काढा’ म्हणणाऱ्याने रोग आणि रोगी एकत्रच गाडायला काढले आहेत.

आता भाराचे गणित पाहू, कारण महावितरणची बाजू ज्या गणितावर उभी आहे ते खरे आहे. पाच अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर प्रत्येक फेजमागे साधारण साडेसात अँपिअर प्रवाह घेते. थेट स्टार्टरने सुरू होताना मात्र पहिले काही सेकंद तीच मोटार सहापट, म्हणजे ४५ अँपिअरच्या आसपास ओढते. शिवारात सर्रास दिसणाऱ्या ६३ केव्हीएच्या रोहित्राची क्षमता साधारण ८४ अँपिअर. त्यावर पाच अश्वशक्तीचे दहा पंप असतील तर चालू असताना त्यांचा एकूण प्रवाह ७५ अँपिअर होतो. रोहित्र तो सहज पेलते. पण दहाही एका क्षणी सुरू झाले तर मागणी ४५० अँपिअरवर जाते, क्षमतेच्या पाचपटीहून अधिक.

इथेच आणखी एक गोष्ट घडते. एवढा प्रवाह एकदम ओढला गेला की तारांत आणि रोहित्रात विजेचा दाब कोसळतो. मोटारीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. दाब ८० टक्क्यांवर आला तर जोर ६४ टक्के उरतो, ७० टक्क्यांवर आला तर निम्म्याहूनही कमी. म्हणजे मोटारी घुमत राहतात, वेग घेत नाहीत, आणि दोन-तीन सेकंदांत संपायला हवा तो जादा प्रवाह लांबत जातो. त्यात फ्यूज उडतात, केबल वितळते, मोटारीची वाइंडिंग जळते, वर्षभर असेच चालले तर रोहित्राचेही आयुष्य सरते. ‘ऑटोमुळे डीपी जळते’ या वाक्यात जे सत्य आहे ते एवढे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण हेच गणित पुढच्या ओळीपर्यंत नेले तर काय दिसते? तेच दहा पंप अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या अंतराने सुरू झाले, तर शेवटचा पंप सुरू होताना नऊ पंपांचे साडेसदुसष्ट आणि दहाव्याचे पंचेचाळीस, असे मिळून साधारण ११२ अँपिअर होतात, तेही काही सेकंदांपुरते. ६३ केव्हीएचे धडधाकट रोहित्र एवढा क्षणिक जादा भार घेऊन काहीच तक्रार करणार नाही. दहा पंप तेच, ऑटोही तेच. फक्त थांबण्याची वेळ वेगवेगळी लावली. हाताने बटन दाबण्याचा फायदा म्हणून जे सांगितले जाते, तेही याहून वेगळे नाही. दहा माणसे दहा विहिरींवर पोहोचतात ती मागेपुढे, म्हणून भार टप्प्याटप्प्याने येतो. जे अंतर माणसाच्या चालण्यातून आपसूक पडते, तेच अंतर पेटीतल्या एका फिरवायच्या खुंटीने पाडता येते.

शहरातल्या घरांत हे तत्त्व कधीचेच मान्य झाले आहे. फ्रीज किंवा एसीला लावलेला स्टॅबिलायझर वीज आल्यावर काही मिनिटे थांबतो आणि मगच पुढे वीज सोडतो. वीज परतली की पुण्या-मुंबईतल्या हजारो फ्रीजचे कॉम्प्रेसर आपोआप सुरू होतात. त्यावर कुणी ‘फ्रीज हाताने सुरू करा’ अशी मोहीम काढलेली नाही. वीज गेल्यानंतर एकदम परतणाऱ्या भाराचा प्रश्न जगभरच्या वीज कंपन्यांना माहीत आहे. त्यावरचा उपाय टप्प्याटप्प्याने भार घेणे हाच आहे. मग जिंतूरच्या किंवा पालमच्या शेतकऱ्यालाच त्याचे साधन काढून टाकायला का सांगितले जाते?

याचे उत्तर दुसऱ्या आरोपात, म्हणजे आळसाच्या आरोपात सापडते.

शेतीची वीज दिवसरात्र मिळत नाही. कृषी वाहिनीवर तीन फेजची वीज दिवसातून आठ तासांच्या आसपास, आणि तीही पाळीने : आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत वीज दहा-अकराला येते आणि पहाटे जाते. परभणीत डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे नेमके गहू-हरभऱ्याच्या पाण्याच्या दिवसांत, पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नोंदींच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्या वाचून शहरातली माणसे थंडीचे कौतुक करतात. त्याच रात्री शेतकरी ओल्या मातीत अनवाणी उभा राहून दारं धरत असतो. सापाची भीती, रानडुकरांची भीती, ओल्या पेटीला हात लावताना शॉकची भीती. या सगळ्यांतून जाऊन बटन दाबणाऱ्या माणसाला आळशी म्हणण्याआधी म्हणणाऱ्याने एक रात्र आखाड्यावर काढून पाहावी.

आणि बटन एकदाच दाबावे लागते असे नाही. आठ तासांच्या पाळीत लाइन किती वेळा ट्रिप होईल, याचा नेम नसतो. दर वेळी नो-व्होल्ट कॉइल सुटते, दर वेळी स्टार्टरपाशी जावे लागते. म्हणजे ऑटो नसेल तर विहिरीवर एक फेरी मारून भागत नाही, रात्रभर तिथेच बसून राहावे लागते. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम या तालुक्यांत गोदाकाठच्या अनेक शेतकऱ्यांच्या मोटारी नदीवर आहेत. ढालेगाव, मुदगल, डिग्रस इथल्या बंधाऱ्यांमुळे पात्रात पाणी थांबू लागले आणि लांबच्या शेतांपर्यंत पाइपलाइनी गेल्या. मोटार पात्राजवळ, पीक वर शिवारात. मोटारीपाशी थांबले तर पाणी कुठे फुटले ते कळत नाही, शेतात थांबले तर वीज गेली-आली ते कळत नाही. दोन माणसे लावावीत तर घरात आहे कोण? पोरगा पुण्याला कामाला, बाप सत्तरीचा. अशा घरात ऑटो ही चैन नाही, ते गैरहजर माणसाचे काम आहे.

तेव्हा ऑटो कुणी जन्माला घातला याचे सरळ उत्तर द्यायचे तर ते शेतकऱ्याच्या स्वभावात नाही, वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकात आहे. रात्रीची पाळी आणि वारंवार तुटणारा पुरवठा या दोन गोष्टी कायम ठेवून फक्त ऑटो काढायला सांगणे, म्हणजे खंडित विजेचा सारा बोजा माणसाच्या झोपेवर आणि जिवावर टाकणे आहे. दिवसाच्या विजेची मागणी काही आजची नाही. राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर दिवसा दहा तास विजेसाठीच ठिय्या दिला होता. गुजरातने ऑक्टोबर २०२० मध्ये किसान सूर्योदय योजना सुरू करून पहाटे पाच ते रात्री नऊ या वेळेत शेतीला वीज देण्याचे धोरण स्वीकारले. महाराष्ट्राने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा जाहीर केला. त्यातला पहिला ३ मेगावॅटचा प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात सुरू झाला. रात्रीचे पाणी हा अन्याय आहे, हे सरकारने या योजनेतून स्वतःच मान्य केले आहे. मग तो अन्याय संपेपर्यंत त्यातून वाट काढणाऱ्या साधनाला गुन्हेगार ठरवण्याचा अधिकार कुणाला राहतो?

डीपी जळण्याची बाकीची कारणेही याच आवाहनाच्या सावलीत दडून जातात. कागदावर तीन अश्वशक्ती आणि विहिरीत पाच, हे शेतकऱ्याच्या बाजूचे पाप आहे. आकडे टाकून चालणाऱ्या मोटारींचा भार कुठल्याच हिशेबात येत नाही, आणि त्याची शिक्षा रीतसर जोडणी घेतलेल्या शेजाऱ्याला मिळते, हेही खरे. दोन फेजवर कंडेन्सर लावून तीन फेजची मोटार फिरवली की भार एकीकडे कलतो आणि रोहित्र तापते. पण रोहित्रातले तेल कमी होणे, किटकॅटमध्ये फ्यूज वायरऐवजी जाड तार गुंडाळलेली असणे, अर्थिंग नावापुरते असणे, जोडण्या वाढत गेल्या तरी रोहित्र जुनेच राहणे, ही देखभालीची कामे आहेत. ती शेतकऱ्याने करायची नाहीत. फ्यूजच्या जागी योग्य तार असेल तर एकदम आलेल्या भाराने ती उडेल आणि रोहित्र वाचेल. जिथे फ्यूज उडण्याऐवजी रोहित्रच जळते, तिथे आधी फ्यूज पाहायला हवा.

कपॅसिटरचीही गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. आवाहनात तो ऑटोच्या जोडीने येतो, म्हणून बहुतेकांना वाटते की ऑटोला पर्याय कपॅसिटर आहे. तसे नाही. पाच अश्वशक्तीच्या मोटारीला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर लावला की चालू मोटारीचा प्रवाह साडेसातवरून साडेसहाच्या आसपास येतो. दहा पंपांवर मिळून दहा अँपिअर वाचतात, म्हणजे त्याच डीपीवर आणखी एका पंपापुरती जागा होते, दाब सुधारतो, मोटार कमी तापते. इतका स्वस्त आणि इतका खात्रीचा उपाय दुसरा नाही, तो प्रत्येकाने करावाच. पण तो सुरू होतानाच्या सहापट झटक्यावर इलाज नाही. दोन वेगळी कामे करणाऱ्या दोन वस्तू ‘एक काढा, दुसरी लावा’ अशा एका वाक्यात बांधल्यामुळे झाले काय, तर ऑटो काढायला तयार नसलेल्या शेतकऱ्याने कपॅसिटरकडेही पाठ फिरवली.

ऑटोविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र डीपीचा नाहीच, तो जिवाचा आहे. वीज नाही असे समजून कुणी विहिरीत उतरून मोटार पाहत असेल, जोडणी सोडत असेल, आणि तेवढ्यात वीज येऊन मोटार आपोआप सुरू झाली, तर अनर्थ होतो. याला एकच उत्तर आहे आणि ते ठामपणे सांगितले गेले पाहिजे : मोटारीला हात लावण्याआधी मेन स्विच पाडायचा आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे. काडी अडकवून दाबलेल्या बटनाचे समर्थन कोणत्याही परिस्थितीत होऊ शकत नाही. एखादी फेज गेली तरी ते मोटार ओढत ठेवते, आणि पहिली जळते ती शेतकऱ्याचीच मोटार. आवाहन करायचे तर त्या काडीविरुद्ध करावे, ते प्रत्येक शेतकऱ्याला पटेल.

आणखी एक आक्षेप अलीकडे जोर धरतो आहे. एप्रिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीजबिल नाही. आता बिल नाही आणि ऑटो आहे, म्हणजे मोटार रात्रभर चालणार, पाणी वाया जाणार, असे म्हटले जाते. पाण्याची काळजी रास्त आहे. पण ज्यांना मराठवाड्याची विहीर माहीत आहे, ते असे सरसकट बोलणार नाहीत. इथे खाली काळा कातळ आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी अनेक विहिरी दोन-तीन तासांत तळ गाठतात आणि पुन्हा पाझरायला तेवढाच वेळ घेतात. अशा विहिरीवर आठ तास सलग मोटार चालवणे कुणालाच परवडत नाही, कारण कोरडी फिरलेली मोटार जळते आणि वाइंडिंगचा खर्च मोफत योजनेत बसत नाही. त्या शेतकऱ्याला हवी आहे ती पाणी संपताच मोटार बंद करणारी आणि विहीर भरल्यावर पुन्हा लावणारी सोय. म्हणजे कमी ऑटो नव्हे, अधिक चांगला ऑटो. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर किंवा नदीकाठी पाणी अमर्याद वाटते, तिथे वाया जाण्याचा प्रश्न खरा आहे. पण तिथेही माणूस पाणी सोडून ठेवतो ते वीज पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो म्हणून. पुरवठा नेमका झाला की साठवून ठेवण्याची घाईही ओसरते.

जळलेल्या डीपीची किंमत कोण मोजतो हेही पाहावे. वीज नियामक आयोगाच्या मानकांप्रमाणे ग्रामीण भागात नादुरुस्त रोहित्र ४८ तासांत बदलले पाहिजे. प्रत्यक्षात हंगामाच्या ऐन भरात आठवडेच्या आठवडे वाट पाहिल्याच्या, गावाने वर्गणी काढून ट्रॅक्टरवर डीपी नेल्या-आणल्याच्या बातम्या मराठवाड्यात वर्षानुवर्षे छापून येतात. डीपी जळली की शेतकऱ्याचे पीक जाते. त्यामुळे डीपी वाचावी असे सर्वांत जास्त कुणाला वाटत असेल, तर ते त्या डीपीवरच्या दहा शेतकऱ्यांना. त्यांना गुन्हेगार म्हणून नव्हे, भागीदार म्हणून बोलावले तर काम अवघड नाही. डीपीनिहाय पंपांना क्रमांक द्यावेत, पहिल्याचा ऑटो अर्ध्या मिनिटावर, दुसऱ्याचा एक मिनिटावर, तिसऱ्याचा दीड मिनिटावर लावून द्यावा, आणि पेटीत तो बदल न करण्याची जबाबदारी शेतकऱ्यांनी आपसात घ्यावी. ज्यात थांबण्याची सोय नाही असा ऑटो विकायला बंदी असावी. २०१८ मध्ये राज्यात उच्चदाब वितरण प्रणालीची योजना आली, तिच्यात एका-दोन शेतकऱ्यांमागे स्वतंत्र छोटे रोहित्र दिले जाते. ती जिथे पोहोचली तिथे शेजाऱ्याच्या ऑटोने आपली डीपी जाण्याचा प्रश्नच मिटतो. तिचा वेग वाढवावा.

परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, त्याचे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. विद्यापीठाने आणि महावितरणने मिळून एका तालुक्यातल्या काही डीपी निवडाव्यात, अर्ध्यांवर वेळ लावलेले ऑटो आणि कपॅसिटर बसवावेत, अर्ध्या आहेत तशा ठेवाव्यात, आणि एका रब्बी हंगामात कुठे किती फ्यूज उडाले, किती मोटारी आणि किती रोहित्रे जळली हे मोजून जाहीर करावे. तोवर महावितरणने आपल्या पत्रकातले ‘ऑटो स्विच काढा’ हे शब्द बदलून ‘ऑटोला वेळ लावून घ्या’ असे करावेत, आणि ती वेळ लावून द्यायला लाइनमनला विहिरीपर्यंत पाठवावे.